ब्रॉड स्ट्रीटवरची पोपटी टोपी

यात माझ्या पदरचं काही नाही. एमिलमामांनी जे सांगितलं, तेवढंच सांगतोय.

२७ जून १९२१. सोमवार. न्यूयॉर्कची ब्रॉड स्ट्रीट. आणि वेळ रात्रीची नव्हे, भर दुपारची.

मामा आमचे भाडेकरू. शेअरदलालाकडे कारकून होते. त्याआधीच्या शनिवारपर्यंत हा शेअरबाजार रस्त्यावरच भरायचा, ऊन असो की बर्फ. दलाल खाली उभे, कारकून वर खिडकीत. गलक्यात काही ऐकू यायचं नाही, म्हणून बोलणं बोटांनी. गर्दीत आपला माणूस सापडावा म्हणून दलाल भडक टोप्या घालायचे.

मामांचा दलाल नील डफी. पोपटी टोपीवाला.

अकरा वर्षं दोघं बोटांनीच बोलले. मामांना जगात दुसरं कुणीच नव्हतं. फेब्रुवारीत नील पावसात भिजला आणि आठवड्यात न्यूमोनियानं गेला.

त्या सोमवारी बाजार नव्या इमारतीत गेला. मामा जुनी कचेरी आवरत मागे राहिले.

"अहो साहेब, वरात गेली," झाडणारी ब्रिजेट म्हणाली. "तुम्ही काय मांडव राखत बसलात?"

"तू हो पुढे. येतोच."

ती गेली.

आणि मग... शांतता.

खाली चिटपाखरू नव्हतं. मामांना एकदम भरून आलं. आता बोलायचं तरी कुणाशी?

खिडकी लावायला त्यांनी हात घातला... आणि खाली, दिव्याच्या खांबाशी...

पोपटी टोपी.

चेहरा दिसत नव्हता. हात तेवढा वर आला. एक बोट. तळवा स्वतःकडे.

म्हणजे, "एक. घेतो."

कसला एक? शेअर कुठला, भाव काय, काहीच नाही. असा अर्धवट सौदा नील कधी करायचा नाही.

बाजाराची रीत अशी, की कारकुनानं तीच खूण परत केली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही.

हात उचलायचा नाही, हे मामांना कळत होतं. पण अकरा वर्षांची सवय...

हात आपोआप उठला.

टोपी जराशी हलली. मग खांबाशी कुणीच नव्हतं.

मामा धावत खाली गेले. कोरड्या ठणठणीत पदपथावर बुटांचे दोन ओले ठसे होते. येतानाचे नाहीत, जातानाचे नाहीत. फक्त उभं राहिल्याचे.

"घाबरला नाहीत, एमिलदादा?" पुढे एकदा माझ्या आईनं विचारलं होतं.

"तेव्हा घाबरलो. आता वाट बघतो. घेतो म्हणाला लेकाचा, आणि न्यायला काही येईना."

"काहीतरीच बोलता."

त्या सोमवारनंतर मामा अठ्ठावीस वर्षं जगले. लग्न नाही, मित्र नाही. रोज दुपारी आमच्या खिडकीत बसायचे.

शेवटच्या दिवशी त्यांना उठवत नव्हतं. उशाशी मी एकटाच होतो. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी माझं मनगट धरलं.

"खाली बघ रे. आलाय का?"

खिडकी दोन पावलांवर होती. माझे पाय उचलेनात.

"नाही, मामा. कुणी नाही."

मी बघितलंच नव्हतं.

त्यांनी मान भिंतीकडे वळवली, आणि तशीच ठेवून गेले.

खाली कुणी उभं होतं का, हे मला आजही ठाऊक नाही.