नमुन्याचा व्हिडिओ

नसरापूरच्या स्टँडसमोर मंदारचं फोटोचं दुकान. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, आणि कुणाकुणाचे न उघडणारे व्हिडिओ. लोकांना वाटतं, व्हिडिओ उघडत नाही म्हणजे दाराची कडी अडकली, मंदार धक्का देईल की झालं! आणि हा पठ्ठ्याही "बघू हो" म्हणायचा आणि बहुतेक वेळा उघडून द्यायचा. त्या सोमवारी नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

वेल्ह्याकडच्या वाडीतले कुंडलिकबाबा आले होते. रुमालात बांधलेला मोबाईल, काचेला तडा. त्यांच्या लेकीचा, सोनियाचा. श्रावणात नसरापुरातल्या कामावरून परतताना ती वाडीजवळच्या ओढ्याचं पाणी मोबाईलवर टिपत होती. पाय घसरला, पोरगी खाली कपारीत गेली आणि मोबाईल वर खडकावर चालूच राहिला. सकाळी गावाला दोन्ही सापडले. पोरीत जीव नव्हता.

मंदारनं फाइल तपासली. "रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपलीय, त्यामुळं फाइल अर्धवट राहिली. याच मोबाईलवर काढलेला एक धड व्हिडिओ लागेल, नमुन्याला. त्यावरून ही जुळवता येईल. घरी दोन मिनिटं काहीही काढा. पण बाबा... कशाला बघताय? जिवाला त्रास."

म्हातारा खाली बघत बोलला. "त्या दिशी दिवेलागणीनंतर हाक आली... 'आबा' म्हणून. दोनदा. आमच्यात तिसऱ्या हाकेबिगर ओ देत न्हाईत. बाहेरचं असलं तर घरच्याच आवाजात बोलावतं, पर तीनदा न्हाई बोलवत. पोरगी हितं मावशीकडं राहिली आसंल असं वाटलं. वाडीत रेंज न्हाई, इचारणार कुठं? म्या दाराआड बसून तिसरीची वाट बघितली. आलीच न्हाई. लोक म्हनत्यात, ती सोनिया नव्हतीच. मला तेवडं कळलं पायजे."

मंदारनं मोबाईल नमुना काढायला त्यांच्याकडं परत दिला.

बुधवारी दुपारी बाबा पुन्हा आले. आदल्या दिवशी रानातून आल्यावर, कातरवेळी त्यांनी घराच्या बंद दाराचाच व्हिडिओ काढला होता, आतून. मंदारनं दोन्ही फायली प्रोग्रॅमला दिल्या. वीस मिनिटांनी सोनियाची फाइल उघडली.

आधी ओढ्याचं पाणी. मग धप्पकन आवाज, आणि नुसतं आभाळ. ते हळूहळू काळं होत गेलं. मग खालून, दमलेला आवाज, "आबा..." बऱ्याच वेळानं पुन्हा, "आबा..." त्यानंतर शेवटपर्यंत नुसतं पाणी.

बाबांनी कपाळ टेबलावर टेकलं. "तूच व्हतीस गं... तूच व्हतीस." आणि मग ते जे रडले, ते बघवत नव्हतं.

पडद्यावरचं ते काळं आभाळ घालवायचं म्हणून मंदारनं हाताला लागली ती फाइल लावली. ती नमुन्याची निघाली. बंद दार, फटीतून थोडा उजेड, बाहेर रातकिडे. दीड मिनिट झालं, आणि दाराच्या पलीकडून, अगदी उंबऱ्याशी...

"आबा..."

मंदारनं फाइल थांबवली.

"काढताना तर काय बी नव्हतं," बाबा पुटपुटले. आणि एकदम उठून उभे राहिले. "ओ! आलो गं बाय, आलो!" दुकान दणाणलं. समोर वेल्ह्याची एसटी सुटत होती. मोबाईल तिथंच टाकून म्हातारा धावत जाऊन तीत चढला.

गिऱ्हाइकाला फाइल देण्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐकायची, ही मंदारची सवय. दुकान आवरताना त्यानं सोनियाची फाइल पुन्हा लावली. पाणी, धप्प, आभाळ. दोन हाका. आणि मघाशी जिथं नुसतं पाणी होतं तिथं, लांबून, बाबांचा आवाज. "ओ! आलो गं बाय, आलो!"

मग खालून पोरीचा, हायसं वाटल्यासारखा. "हळू या, आबा... लई निसरडं हाय."

बाहेर दिवेलागण झाली होती. बाबांना कुणीतरी अडवावं म्हणून मंदारनं घाईघाईनं फोन उचलला. मग त्याला आठवलं, वाडीत रेंज नाही.