कंबर थांबते तेव्हा

सकाळी मैदानावर आल्यावर पोरी आधी चहा घ्यायच्या आणि मग पट्ट्या बांधायच्या. एक कंबरेला, एक छातीखाली आणि एकेक दोन्ही मनगटांना. सुरुवातीला या पट्ट्यांचं एवढं अप्रूप होतं, की कोल्हापुरातून माणसं मुद्दाम बघायला यायची. आता घड्याळ बांधावं तसं चालायचं. हात पट्टीत आणि तोंड कालच्या मालिकेत.

या पट्टीचं नाव स्पंदपट्टी आणि काम ऐकायला साधं. गोल्फची काठी वरून खाली येऊन चेंडूला लागेपर्यंत जेमतेम पाव सेकंद जातो. तेवढ्यात मेंदूने विचार करून हाताला हुकूम सोडायचा म्हटलं, तर हुकूम पोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो. म्हणून कोणता स्नायू कधी आवळायचा आणि कधी सोडायचा, हे अंगातच मुरलेलं लागतं. ते मुरायला पूर्वी वर्षानुवर्षं जायची. पट्टी नेमक्या क्षणी स्नायूला विजेचा बारीक ठोका द्यायची, मुंगी चावावी एवढाच. पुन्हा पुन्हा ठोका बसून स्नायू शहाणा झाला, की पट्टी काढली तरी चालायचं. सामन्यात ती बांधायला बंदी होती, पण सरावात कुणी अडवत नव्हतं.

मैदान पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका पठारावर होतं आणि शिकवणारे होते बापूसाहेब मगदूम. वडील नामांकित तालमीचे वस्ताद. मुलगा लाल माती सोडून हिरवळीकडे कसा वळला ही वेगळी गोष्ट, पण येताना तो तालीम बरोबर घेऊन आला. इथे त्यांना कुणी सर म्हणत नसे, वस्तादच म्हणत. फटका मारायच्या जागेजवळ घमेल्यात तालमीची माती ठेवलेली असे; तिला हात लावल्याशिवाय काठी उचलायची नाही. दुसरा नियम त्याहून कडक. पट्ट्यांनी टिपलेले आकडे ज्यावर उमटत आणि ठोक्याची वेळ जिथून ठरे, तो पाटीएवढा पडदा फक्त वस्तादांनी बघायचा. पठ्ठ्याने आकड्यात डोकं घातलं की त्याचं अंग विसरतं, असं त्यांचं म्हणणं. जगात दुसरीकडे खेळाडू आधी आकडा मागतो. इथे मागणं म्हणजे उद्धटपणा होता. आणि गंमत म्हणजे एवढ्या शिकल्यासवरल्या पोरींपैकी एकीलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

वैजयंता चौगुलेला, म्हणजे वैजूला, तर नाहीच नाही. नऊ वर्षांची असताना ती वस्तादांकडे आली आणि आता पंचवीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत तिच्या काठीच्या टोकाने ताशी एकशे सदुसष्ट किलोमीटरचा वेग गाठला, तेव्हा मैदानावरच्या फलकाकडे बघून लोक टाळ्या वाजवायचे विसरले होते. त्यानंतर स्पर्धांच्या फलकावर तिचा वेग उतरू लागला. एकशे बासष्ट, एकशे सत्तावन्न, मागच्या महिन्यात एकशे चोपन्न. दुखापत काही नव्हती, फक्त काहीतरी हरवलं होतं. तिने गोड सोडलं, झोपेची वेळ बदलली, मालिशवाली बदलली, शेवटी न्हाणीघरात नळ सोडून रडूनही झालं. आणि या सगळ्यात वस्ताद तिच्या पाठीशी उभे होते. स्वतः कढवलेलं तेल त्यांनी तिच्या घरी आणून दिलं होतं आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "हुईल गं. दम धर."

आशियाई स्पर्धेच्या संघाची निवड चाचणी रविवारी होती. त्या सकाळी वैजूने पट्ट्या बांधल्याच नाहीत. ती सरळ वस्तादांसमोर जाऊन उभी राहिली.

"वस्ताद, मी रविवारी खेळणार नाही. एकशे चोपन्नवर खेळून हसं करून घ्यायचं नाही मला. आता बास."

ते ओरडतील, काठी आपटतील, म्हणून तिने सगळी उत्तरं तयार ठेवली होती. वस्तादांनी चष्मा काढून पुसला.

"बरं," ते म्हणाले. "अंग न्हाई म्हणत असंल, तर ऐकावं अंगाचं."

एवढंच. एकदा ताप आहे म्हणून ती आली नव्हती, तर हाच माणूस दारात येऊन आईशी भांडला होता. आज सोळा वर्षांचा खेळ संपला आणि त्याने चष्मा पुसला. वैजूला रडू यायच्या ऐवजी नुसतं चमत्कारिक वाटलं. ती जाऊन कडेच्या बाकावर बसली.

समोर ईशिता उपाध्ये मारत होती. वय एकोणीस, अंगाने किरकोळ, येऊन वर्षही झालं नव्हतं. पण तिचा फटका सुटला तशी वैजूची मान वर झाली. आवाजच तसा होता. एवढ्या किडकिडीत पोरीकडून तो आवाज निघायला नको होता.

वैजू नीट बघू लागली. काठी खाली येताना ईशिताचा डावा पाय टेकला; पण टाच सरळ न टेकता आधी किंचित बाहेर वळली आणि मग अडकल्यासारखी थांबली. पुढच्या फटक्यालाही तेच झालं आणि त्याच्या पुढच्यालाही.

असा पाय जगात एकाच माणसाचा होता. वैजू सातव्या वर्षी विहिरीच्या कठड्यावरून पडली होती. डावा घोटा मोडला, गावातल्या माणसाने तो बसवला आणि जरा वाकडाच बसला. चालताना कळायचं नाही, पण पाय जोर लावून टेकला की टाच आधी बाहेर जायची आणि तिथेच अडायची.

ती उठून ईशिताजवळ गेली. "घोट्याला काही लागलं होतं का गं कधी?"

"नाही, ताई." ईशिता हसली. "तो पाय ना? माझ्या पोटरीला जादा पट्टी आहे, तीच तसा टेकवते. सुरुवातीला गुडघा दुखायचा. वस्ताद म्हणाले, हा एका मोठ्या खेळाडूचा नमुना आहे, निमूट गिरवायचा. दिवाळीपासून गिरवतेय. चेंडू बघा ना आता कुठल्या कुठे जातो!"

"कोण मोठी खेळाडू?"

"नाव नाही सांगितलं. असेल कुणी परदेशातली."

वैजूला हसू आलं. पडदा ठेवायची पत्र्याची खोली मैदानाच्या टोकाला होती. ती तिथे जाऊन दारातच उभी राहिली.

"वस्ताद, ईशिताच्या पायात माझा घोटा कसा आला?"

बापूसाहेबांनी वर बघितलं. खोटं बोलायची संधी त्यांना होती आणि त्यांनी ती घेतली नाही, हे त्यांच्या नावावर लिहायलाच हवं.

"बस," ते म्हणाले.

"उभी आहे ती बरी आहे."

त्यांनी खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला आणि झटकला. टॉवेलाचं टोक फटकन वाजलं. "टोक कधी वाजतं? हात थांबतो तवा. हात चालतच राहिला तर टॉवेल नुसता लोंबतो. गोल्फमधबी त्येच हाय. आधी कंबर पळती. मग ती थांबायला पायजे, म्हंजे तिचा वेग छातीला मिळतो. छाती थांबली की हातांना, हात थांबले की मनगटातनं काठीला. मागचा थांबल्याबिगार म्होरला पळत न्हाई. जगातल्या समद्या पोरी जोर लावत्यात गं, पण येळेवर थांबत कुणी न्हाई."

"हे मला माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय."

"मी शिकवलं, पर तू जे करतीस ते मी शिकवल्यालं नव्हतं. तुझी कंबर अशी थांबायची, जशी भिताडावर आदळली. कशानं, त्येच कळंना. पट्टी बांधली, तुझं समदं टिपलं, तरी कळंना. दिसायचं समदं, पर त्यातलं कामाचं कुठलं? मग एकेक गोष्ट बिघडवून बघितली."

वैजूला क्षणभर शब्दांचा अर्थच लागला नाही. मग लागला.

"बिघडवून? म्हणजे मला?"

"मनगटाचा ठोका मागं-म्होरं केला, वेग थोडा गेला. छातीचा केला, थोडाच गेला. कंबरेचा केला, डोळ्याचं पातं लवायला लागतं त्याच्या धाव्या हिश्शाएवढा उशीर, आन् वेग धाडकन खाली. तवा उमगलं. तुझा वाकडा घोटा पाय अडवतो, पाय कंबर अडवतो. आम्ही ज्याला खोड म्हणत हुतो, तीच तुझी कला हुती."

"दोन वर्षं," वैजू म्हणाली. "दोन वर्षं तुम्ही मला चुकीचा ठोका देत होता. आणि माझ्या घरी तेल आणत होता."

बापूसाहेबांची मान खाली गेली. "तेल खोटं नव्हतं, पोरी."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू अंग राखून मारलं असतंस. जाणून मारलेला फटका खोटा येतो, त्यातनं काय कळणार? आन् कळलं तवा ईशिताच्या अंगात बसतंय का बघण्यात तुझा ठोका तसाच ऱ्हायला." मग त्यांचा आवाज बदलला. "माझ्या बाचं ठाऊक हाय न्हवं तुला? वस्तादानं एक डाव राखून ठेवायचा, अशी रीत. बानं ठेवला. मरताना सांगीन म्हणाला आन् झोपेतच गेला. त्यो डाव त्याच्यासंगं जळला. तवाच मी ठरवलं, माझ्या हातातला एकबी डाव असा जळू द्यायचा न्हाई. तुझा घोटा किती वर्षं टिकंल? तू संपलीस की त्यो डाव संपला. आता त्यो ईशिताकडं हाय, उद्या धा पोरींकडं आसंल. वाईट केलं का मी?"

सर्वांत वाईट हे होतं, की त्यांनी हे मनापासून विचारलं. लुच्चा माणूस असता तर वैजूने दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाली असती. वस्तादाने डाव राखून ठेवणं तिला कळत होतं, पठ्ठ्याच्या अंगातला डाव काढून घेणं नव्हे. ज्याच्याकडे तिने सोळा वर्षं एकदाही आकडा मागितला नाही, त्याने तिचं ते न मागणंच सोय म्हणून वापरलं होतं. तिला फसवायला त्याला खोटंही बोलावं लागलं नव्हतं. तिचा विश्वासच पुरेसा पडला होता.

"माझा फटका परत द्या," ती म्हणाली.

"देतो की. समदा जपून ठेवलाय." ते घाईघाईने उठले, पेटीतून पट्ट्या काढल्या आणि पहिल्यांदाच पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर रंगीत रेघांचं जंजाळ होतं. "ही जुनी तू, ही आत्ताची तू. सा म्हैन्यांत जुन्या रेघंवर आणून सोडतो. फकस्त रोज पट्टी बांधायची."

वैजू रेघांकडे बघत राहिली. कधी बघूच दिलं नव्हतं, त्यामुळे तिला त्या वाचता येत नव्हत्या. जुन्या सामन्यांची चित्रणं होती म्हणा. पण चित्रणात हात-पाय दिसतात, स्नायू कोणत्या क्षणी सुटला ते दिसत नाही. ही रेघ तिची आहे, याला पुरावा एकच: वस्ताद तसं म्हणत होते.

"चला बाहेर," ती म्हणाली. "आधी तुम्ही बांधा."

"मी?"

"पडदा माझ्या हातात राहील. ठोका वेळेवर द्यायचा, उशिरा द्यायचा की द्यायचाच नाही, ते मी ठरवणार. तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही फक्त एक फटका मारा."

बापूसाहेबांनी पडदा तिच्या हातात दिला. मग त्यांनी दोन्ही मनगटं पुढे केली. वैजूने पट्ट्या बांधल्या. कंबरेची बांधताना त्यांनी श्वास आत घेतला. फटक्याच्या जागेपाशी येऊन ते वाकले, मातीला हात लावला आणि काठी घेतली. पोरी आपापला सराव थांबवून बघायला लागल्या. वस्तादांना मारताना त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी काठी मागे नेली आणि मारलं. चेंडू सुटला बरा, पण मध्येच डावीकडे वळला आणि गवतात जाऊन पडला.

"उशिरा दिलास," ते वळून म्हणाले.

वैजूने नजर पडद्यावरच ठेवली.

"न्हाई... दिलास येळेवरच. माझाच पाय सरकला." त्यांनी कंबर चाचपली. कपाळावर घाम आला होता. "कंबरंत बसलेला कळला मला. बसला हुता न्हवं? पोरी, खरं सांग. कसला दिलास?"

तिने पडद्याला बोटही लावलं नव्हतं. पडद्याला अजून ईशिताच्याच पट्ट्या जोडलेल्या होत्या. वस्तादांच्या अंगावरच्या चारही पट्ट्या नुसत्या पट्ट्या होत्या. तरी आयुष्यभर फटके मारलेल्या त्या माणसाला आपल्याच कंबरेत परका ठोका जाणवला होता आणि तो खरा की खोटा, हे त्याला सांगता येत नव्हतं.

सांगावं का, असं तिला वाटलं. मग तिने पडदा बाकावर पालथा ठेवला.

"रविवारी मी खेळणार आहे," ती म्हणाली. "बिघडवलंय तसंच."

ईशिता काही न कळून दोघांकडे बघत होती आणि एका हाताने डावा गुडघा चोळत होती. वैजूने एक चेंडू ठेवला. चौदा वर्षं वस्तादांनी घडवलेलं, दोन वर्षं त्यांनीच मोडलेलं आणि विहिरीच्या कठड्याने त्याआधीच वाकवलेलं ते अंग घेऊन ती उभी राहिली. पट्टी नव्हती, ठोका नव्हता. काठी वर गेली आणि खाली यायच्या आधी, जिथे विचार करायला वेळच नसतो तिथे, तिच्या मनात आलंच: आता कंबर थांबेल ती नेमकी कुणाच्या सांगण्यावरून?