भरून आलेलं पातेलं

मला किळस फार. आमच्या घरात हा थट्टेचाच विषय होता. दुसऱ्याच्या उष्ट्या ग्लासात मी पाणी पिणार नाही, भातात केस निघाला तर दोन दिवस मला भात नको. आणि नशिबानं धंदा दिला तो लाँड्रीचा! दिवसभर लोकांचे घामट सदरे आणि उशांचे अभ्रे माझ्या हातात. कॉलरवरचा मळ तुम्ही कधी नीट पाहिलाय? पिवळट, करडा, मेणचट. तो तेलाचा डाग नसतो आणि जेवणाचाही नसतो, तो माणसाच्या अंगाचा डाग असतो. कोमट पाण्यात भिजवला की त्याला एक वास सुटतो, गाढ झोपलेल्या माणसाच्या मानेचा. तो वास मी डोळे मिटून ओळखते. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

माझी ताई शाळेत भूगोल शिकवायची. आयुष्यभर तिनं फळ्यावर रंगीत खडूंनी ज्वालामुखीची चित्रं काढली, पण खरा ज्वालामुखी कधी पाहिला नाही. निवृत्त झाली आणि पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, दवाखान्यानं आमचं घर धुऊन नेलं, आणि ताईची भूक गेली ती गेलीच. घास तोंडात घेऊन ती नुसती बसायची. डॉक्टर म्हणाले, "वजन वाढलं नाही तर पुढचं औषध देता येणार नाही. शरीराला झेपणार नाही." पुढचं औषध नाही, म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही कळलं.

त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, "मला एक ज्वालामुखी दाखव. मग जेवेन."

"लाच मागतेस होय?"

"स्वस्तातला दाखव. महागाचा नको."

तर असा तो स्वस्तातला ज्वालामुखी. समुद्रात खूप आत एक बेट, वर सतत वाफाळणारा डोंगर, खाली काळी वाळू. आठवड्यातून एकदा मालाची बोट जाते, तिच्यात कांद्यांच्या पोत्यांवर बसून आम्ही गेलो. ताईनं तांदूळ, डाळ, मीठ, आमचं जुनं पातेलं, सगळं घरून बांधून घेतलं होतं. "तिथं म्हणे जमिनीतच शिजतं. गॅससुद्धा लागत नाही," ती म्हणाली. काटकसरीची एवढी सोय तिला आयुष्यात कुणी करून दिली नव्हती.

बेटावर पाय ठेवला आणि माझ्या नाकाला पहिली थप्पड बसली. सडक्या अंड्यांचा वास. हवेला, पाण्याला, टॉवेलला, सगळ्याला तोच. गल्लीच्या टोकाचं घर आम्हाला परवडलं. खोलीत भिंतीवर बुरशीचे हिरवे चट्टे, गाद्या ओलसर, न्हाणीघराच्या मोरीत बोटाएवढ्या गोगलगाया. मी नाक मुरडलं तर ताई हसली. "पदरी पडलं पवित्र झालं. चल, गरम पाण्याच्या कुंडात जाऊ, ते फुकट आहे."

कुंडही पाहिलं. पाण्यावर लोकांच्या अंगाची साय धरलेली. ताई खुशाल गळ्यापर्यंत बुडून डोंगराकडे बघत बसली, वाफेत तिचा चेहरा कधी नव्हे तो गुलाबी झाला. मी काठावर उभी राहिले आणि पायाचं बोटही बुडवलं नाही. पण खरं सांगू, तिला तशी पाहून मला रडू आलं. वर्षभरात ती पहिल्यांदाच आजारी दिसत नव्हती.

घरमालकीण विधवा होती. थोराड बाई, तळहात भाजून भाजून राठ झालेले. पहिल्याच संध्याकाळी तिनं आम्हाला अंगण दाखवलं. पुढच्या अंगणात तीन खड्डे, त्यांतून वाफ येत होती. पातेल्यात तांदूळ-पाणी घालायचं, वरून फडकं बांधायचं, खड्ड्यात सोडायचं, फळी टाकायची. प्रत्येक वेळेचे थोडे पैसे.

"मागं अजून एक आहे ना?" ताईनं विचारलं. घराच्या मागं भिंतीलगत एका सपाट दगडाखालून वाफेची बारीक रेघ वर येत होती.

"तो उघडायचा नाही," घरमालकीण म्हणाली. "तो घरचा आहे."

आम्हाला वाटलं, घरचा म्हणजे तिच्या स्वयंपाकाचा. रोज पहाटे ती एक पातेलं घेऊन मागं जाताना दिसायची, नि उजाडल्यावर ते घेऊन परतायची. यात विचित्र वाटावं असं काय होतं?

मग दोन-तीन दिवस पुढच्या अंगणातले खड्डे थंडावले. डोंगराची लहर, असं घरमालकीण म्हणाली. भात कच्चा राहायचा, आणि ताई आधीच न जेवणारी, ती दोन दाणे चिवडून ताट सारायची. मग एका दुपारी मी कपडे वाळत घालून आले तर ताई मागच्या भिंतीशी उकिडवी बसलेली. दगड बाजूला सारलेला. घरमालकीण धक्क्यावर बाजाराला गेली होती.

"अगं, तिनं नको सांगितलं होतं!"

"तिला कळणार कसं? ती यायच्या आत काढते. आणि इथं पैसेही नाहीत." ताई मुलींना परीक्षेत कॉपी करताना पकडायची, आणि आज स्वतः तशाच चेहऱ्यानं हसत होती.

पातेलं वर आलं तेव्हा दोघींनी मिळून ओढलं. एवढं जड. दोघींपुरते तांदूळ टाकले होते आणि भात काठोकाठ वर आला होता. मऊ, लुसलुशीत, वर चमकदार तवंग. तूप आम्ही घातलं नव्हतं. ताईनं पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मग ती जेवली. अक्षरशः बोटं चाटून जेवली. मला वासानंच मळमळलं, मी बिस्किटं खाल्ली. पण तिच्या ताटाकडे बघत मी मनात हात जोडले.

त्यानंतर रोज दुपारी तेच. ताईच्या गालांवर मांस दिसायला लागलं. संध्याकाळी ती काळ्या वाळूत पाय पुरून बसायची आणि मला डोंगराचे थर समजावून सांगायची, शाळेत सांगायची तसे. मी हसायचे, हुंकार द्यायचे. फक्त एक सवय तिला नवीन लागली होती. बोलता बोलता ती वाळूवर तळहात टेकवायची आणि जरा वेळ गप्प राहायची. कुणी खालून बोलत असावं नि ते नीट ऐकू यावं, तशी.

एके दिवशी पातेल्यावरचं फडकं मी धुवायला घेतलं. कोमट पाण्यात टाकलं आणि डाग सुटायला लागला. पिवळट, करडा, मेणचट.

मी फडकं नाकाशी नेलं. न्यायला नको होतं. झोपलेल्या माणसाच्या मानेचा वास. पण ही मान फार दिवसांची न धुतलेली होती, आणि गरम होती. फडक्याच्या घडीत काहीतरी टोचलं म्हणून उलगडून पाहिलं तर नखाचा तुकडा. चंद्रकोरीसारखा, जाड, पिवळा. पुरुषाच्या अंगठ्याचा. मी तिथंच मोरीत ओकले, त्या गोगलगायांवर.

तशीच धावत घरमालकिणीकडे गेले. ती पायरीवर मासे साफ करत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही, सुरी मात्र खाली ठेवली.

"माझा नवरा तिथं चौथा खड्डा खणत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "जमीन खचली. त्याला वर काढता आलं नाही... गरम होती फार. रात्रभर हाका मारत होता, भूक लागली म्हणून. मरताना माणसाला भूक लागते का हो कधी? त्याला लागली."

"आणि तुम्ही रोज..."

"रोज एक पातेलं सोडते. रिकामं वर येतं. रिकामं येतंय तोवर बरं असतं, बाई. तो जेवतोय आणि खाली आहे."

"आमचं भरून येतं," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या राठ बाईच्या डोळ्यांत मला कीव दिसली, आणि संतापापेक्षा त्या कीवेचीच मला जास्त भीती वाटली.

"भरून?" ती म्हणाली. "तुमच्याकडे बकरं पाळतात ना? कुठल्या बकऱ्याला पोटभर घालतात... आणि कशासाठी?"

मी मागं पळाले. ऊन उतरत होतं, भिंतीच्या सावलीत ताई मांडी घालून बसली होती, मांडीवर पातेलं, हात कोपरापर्यंत बरबटलेले. मी पातेलं हिसकावलं आणि सगळं चिखलात उपडं केलं. भात काळ्या चिखलात पसरला आणि त्यातून वाफ आली, मघाच्याच वासाची.

ताई पुढं सरकली, चिखलातला भात मुठीनं उचलला आणि तोंडात घातला. वाळूसकट, कचकच चावत.

"ताई... ताई, थुंक ते!"

"अन्न वाया घालवू नये गं," ती समजुतीनं म्हणाली. तिच्या हनुवटीवरून तवंग ओघळत होता. मी तिचे हात धरले. परवापरवापर्यंत काडीसारख्या असलेल्या माझ्या बहिणीनं मला एका हातानं बाजूला केलं आणि खड्ड्याच्या काठचा शेवटचा दाणाही वेचून खाल्ला. मग तिनं दगड जागेवर सारला. एकटीनं.

दुसऱ्या दिवशी मालाची बोट होती. धक्का दिसेनासा झाल्यावर मी ते पातेलं समुद्रात फेकलं. एक चमचा हरवला तरी दिवसभर हळहळणारी माझी ताई माझ्याकडे पाहून हसली. "जाऊ दे," ती म्हणाली. "घरी पुष्कळ पातेली आहेत."

घरी आलो. डॉक्टरांनी ताईला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "काय खाऊ घातलंत हो यांना? असंच चालू ठेवा. पुढचं औषध सुरू करू." मी काय सांगणार? मी हसले.

कारण घरी ताई काहीच खात नव्हती. ताट पुढं ठेवलं की म्हणायची, "माझं झालंय." सकाळी झालंय, दुपारी झालंय, संध्याकाळीही झालंय. आणि वजन वाढत होतं. औषध चांगलं लागू पडत होतं, दुखण्यात गळलेले केस परत येत होते, शेजारणी तोंडभर कौतुक करत होत्या. मीही करत होते. मला माझी बहीण हवी होती, आणि ती जगत होती.

मग तिच्या खोलीतले अभ्रे धुवायला काढले. ताई एकटी झोपते, पण पलंगावर उशा दोन आहेत. दुसऱ्या उशीचा अभ्रा कोरा असायला हवा होता. तो मी कोमट पाण्यात टाकला आणि पिवळट, करडा मळ सुटला. वास घ्यायची गरजच पडली नाही. पाणी आपोआप कढत झालं होतं, हात पोळला माझा.

कुणाला सांगणार? ज्याच्याशी बोलावं तो म्हणेल, बहीण बरी झाली आणि हिचं डोकं फिरलं. मला एकच उपाय माहीत होता, त्या राठ हातांच्या बाईचा. रोज झोपण्याआधी मी एका पातेल्यात भात घालून, वर फडकं बांधून, ते ताईच्या दाराशी ठेवायला लागले. सकाळी पातेलं रिकामं मिळायचं, अगदी घासल्यासारखं लख्ख. ते रिकामं पातेलं पाहिलं की माझ्या जिवात जीव यायचा. तो जेवतोय, तोवर ताईला हात लावणार नाही. किळस गिळून मी ते घासायचे, पुन्हा भरायचे. असे महिने गेले. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, ते खोटं नाही.

आज सकाळी उठले तर घरात चांगलं ऊन आलं होतं. ताई खोलीत गुणगुणत केस विंचरत होती. दाराशी पातेलं होतं, मी उचलायला वाकले आणि ते उचलेना. फडकं फुगून वर आलं होतं. कडेनं तवंग ओघळून फरशीवर पिवळट ओघळ आला होता.

"ताई," मी हाक मारली, "हे... तुझ्यासाठी आहे का?"

"माझं झालंय," ती आतून म्हणाली. "ते तुझं."

मी सुतळी सोडली. वाफ थेट तोंडावर आली, तोच वास, गरम मानेचा. मी श्वास रोखून धरला, मळमळ यायची वाट पाहिली. लहानपणापासूनची माझी किळस, उष्टा ग्लास न चालणारी, केस निघाला की दोन दिवस उपाशी राहणारी. मी बराच वेळ वाट पाहिली.

ती आली नाही. भूक लागली.