नीलाच्या दोन दाढा

"केशोरीची शाळा हीच ना, मॅडम?"

नीलानं मान हलवली. बोलणार कशी? तोंडात तिळाचं तेल होतं. शाळा भरायच्या आधी ते तोंडात घोळवत धरायचं, असं बाबांनी सांगितलं होतं.

"हेडमास्तर आले का?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही बोलतच नाही... की माझ्याशीच बोलत नाही?"

ओठ घट्ट मिटून तिनं हसू दाबलं, पण तेल ओघळलंच. ती तोंडावर हात धरून कुंपणाकडे पळाली. परत आली तेव्हा तो तिथंच उभा होता. उंच, सावळा, डिसेंबरच्या थंडीनं खांदे आखडलेला. मागच्या खळ्यांवरून धानाच्या तणसाचा वास येत होता.

"तेलाची गुळणी करून राहिली होती," ती म्हणाली. "दातांसाठी."

"मग तुम्ही माझ्या पोटावर पाय देऊन राहिल्या. मी दातांचाच डॉक्टर आहे. संघदीप. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून पोरांचे दात पाहायला आलो."

दुपारपर्यंत त्यानं सगळ्या पोरांचे दात पाहिले. शेवटचं पोर उठलं आणि वर्गानं गलका केला, "बाईचे बी पाहा! बाईचे बी पाहा!"

नीला हसत खुर्चीत बसली. तिनं आ केला. त्याच्या हातातली बॅटरी खालच्या दाढांवर थांबली... आणि मग कानाखाली, जिथं स्कार्फ सरकला होता, तिथल्या ताज्या व्रणावर.

"हे कधीचं?" त्यानं हळूच विचारलं.

"दिवाळीच्या आधीचं." तिनं स्कार्फ ओढून घेतला. "पोरं आहेत, डॉक्टर. नंतर."

नंतर, पोरं घरी गेल्यावर, तिनं सांगितलं. कानाखाली गाठ आली होती. नागपूरला साधी गाठ समजून काढली. तपासणीत कर्करोग निघाला. आता शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा होता आणि त्याआधी डाव्या बाजूच्या दोन किडक्या दाढा काढून ये, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा शेक बसला की जबड्याच्या हाडाची जखम सहजासहजी भरत नाही.

"मग काढल्या का नाहीत?"

"बाबा नाही म्हणतात," ती म्हणाली. स्कार्फ पुन्हा घट्ट करत पुढं बोलली, "अन् मीही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरीच आला. तिचे वडील देवीदास चुलीपुढं बसून बाभळीच्या सालीचा काढा उकळत होते. साल त्यांनी स्वतःच जंगलातून आणली होती. रोज आणायचे. लेकीच्या तोंडाला दुसरं काही लागू नये, एवढंच त्यांचं आता काम उरलं होतं.

"काका, हा काढा, हे तेल... चालू राहू द्या," संघदीप म्हणाला. "तोंड स्वच्छ राहते. पण दाढेतली कीड यानं जात नाही. अन् तो रोग तर नाहीच."

"इच्या मायची दाढ तुमच्यासारख्यानंच काढली होती," देवीदास चुलीतून नजर न उचलता म्हणाले. "महिन्यात गालाले भोक पडलं. पावसाळ्यात गेली. लोखंड लागलं का हा रोग पसरते, डाक्टर. इच्या गाठीले लागलं तेवढं पुरे झालं."

"माय गुडाखू घासायच्या का?"

तंबाखूची ती काळी पेस्ट घरोघरी होती. म्हाताऱ्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"दाढेखाली रोग आधीच होता, काका. म्हणून तर दाढ हलत होती. लोखंडानं नाही नेलं त्यांना."

"जा तुमी," देवीदास म्हणाले.

तो गेला, पण त्यानंतर दर आठवडी बाजाराच्या दिवशी केशोरीत दिसू लागला.

"तालुक्यात वांगी मिळत नाही का?" नीला विचारायची.

"मिळते ना. पण तिथली वांगी मुकी असतात."

"अन् इथली?"

"इथली तोंडात तेल धरून बसते."

ती हसायची. हसताना गाल एकाच बाजूनं वर जायचा, दुसरी बाजू ऑपरेशनपासून जड पडली होती. तो त्या जड बाजूकडेही तसंच पाहायचा... म्हणून ती लवकर मान वळवायची.

एका संध्याकाळी बोळीच्या पाळीवर, गावच्या लहानशा तळ्याच्या बांधावर बसून तिनं विचारलं, "दाढा काढल्या, शेक घेतला, तर मी बरी होईन?"

त्यानं हातातला खडा खाली ठेवला.

"माहीत नाही, नीला. होशील असं वाटते. पण शब्द देता येत नाही."

तिला रडू आलं. आजवर भेटलेल्या प्रत्येकानं ठणठणीत होशील असा शब्द दिला होता. झाडपाला देणाऱ्यांनी, शेजारणींनी, बाबांनी. आणि रात्रभर तिला झोप नसायची. हा पहिला माणूस तिच्याइतकाच भ्यालेला होता.

"तारीख सांगा," ती म्हणाली.

दवाखान्यात ती खुर्चीवर बसली, तेव्हा त्यानं हातमोजे घातले आणि काढून ठेवले.

"मी गोंदियाच्या डॉक्टरला बोलावतो. माझ्यानं नाही होणार."

"काऊन? लोकांच्या तर काढता."

"लोकांच्या काढताना हात थरथरत नाही."

तिनं त्याचा हात धरला.

"थांबू द्या त्याले," ती हळूच म्हणाली. "मी बसली आहे. पण तुमीच काढा."

दारात देवीदास उभे होते. लेक ऐकत नाही म्हटल्यावर तिच्या मागोमाग आले होते. ऐकलं की नाही, कळलं नाही. ते आत आले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

जखमा भरायला दोन आठवडे लागले. नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं शेवटचं पाहिलं.

"भरल्या. आता जा."

"शेकानं तोंड कोरडं पडेल म्हणतात. चव जाईल. चेहरा आणखी वाकडा होईल..."

"मी दीड महिन्याची रजा टाकली आहे."

"कायले?"

"तुझ्यासोबत यायला. काकांना विचारलं. ते म्हणाले, नागपुरात खोली दोघांपुरती पाहू नका, तिघांपुरती पाहा."

बाहेर धानाचा ट्रॅक्टर धडधडत गेला.

"अन् मी बरी नाही झाली तर?"

"तर तेवढे दिवस," तो म्हणाला. "पण ते तेवढे दिवस मला दे."

तिनं डोळे पुसले.

"दिले," ती म्हणाली.