कावळ्याला दिलेला शब्द

मला जपानी गेमचं वेड कसं लागलं, असं शिराळ्यात कुणी विचारलं की मी खरं तेच सांगायचो : कावळ्यामुळं. लोक हसायचे. विनोदी माणूस म्हणून गावात माझं बरं नाव होतं.

थोरला भाऊ राजवर्धन फौजेत होता. त्याला चार भाकरी लागायच्या, मला दीड. लडाखला गाडी दरीत गेली आणि काळ्या पेटीतून त्याचं सामान घरी आलं. वर्दी, दाढीचा ब्रश आणि हातात धरून खेळायचा एक जपानी गेम. तोवर मी कधी गेम खेळलो नव्हतो. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला ऊस आणि सोसायटीची नोकरी पुरते.

दहाव्याला वारणेकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून होते, खाली एकही येईना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून एकेकानं हात जोडून शब्द द्यायचा. चुलते नाथाजी म्हणाले, "राजा, तुझ्या आईला आमी अंतर देणार न्हाई."

कावळा हलला नाही.

"हिरीचं काम बी पुरं करतो रं."

नाही. मामांनी तर त्याच्या नावानं कमान उभारायचा शब्द दिला. भटजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा वळायला लागले. आई माझ्याकडं बघत होती. पोरगं उपाशी चाललं, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

ऊन लागत होतं. मी वाकून हळूच म्हणालो, "दादा, तुझा राहिलेला गेम मी पुरा करतो. जा आता."

कावळा शिवला.

तेराव्यानंतर गेम उघडला. जपानी खेडं, नदी, गवती टोपीतला एक माणूस. त्यानं शेत करायचं, मासे धरायचे, शेजाऱ्यांना मुळा वाटायचा. अक्षर कळेना म्हणून लोणंदला जयराजकडं गेलो. तो माझा मित्र, मोबाइल दुरुस्त करतो. त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "हा कुठवर खेळला की संपतो?"

"गड्या, ह्याला शेवटच न्हाई. जलमभर मुळा लावत बसायचं."

"थट्टा करतोस व्हय?"

"थट्टा तू केलीस. ती बी कावळ्याफुडं."

मी खेळणं सोडून बघितलं. दुसऱ्या दिवशी कौलांवर कावळे. ओरडत नव्हते, नुसते बसलेले. आईनं भाकरीचा तुकडा टाकला, तोही शिवेनात. मी गेम लावला. उडून गेले.

मग शिकलोच. जपानी अक्षरं गिरवली. शेवट गाठायची युक्ती सापडेल म्हणून दुसरे जपानी गेम आणले. ते आवडायला लागले, हे जास्त वाईट झालं. प्रियदर्शनीशी लग्न ठरलेलं. ती एकदा अंगणात उभी राहून म्हणाली, "तुला मी पाहिजे का मुळा? एकदाच सांग."

मी कौलांकडं बघितलं आणि गेम लावला.

हळूहळू दुसरंच लक्षात यायला लागलं. सकाळी गेम बंद करून कामावर जायचो. संध्याकाळी मुळ्याला पाणी पाजलेलं असायचं. सऱ्या आमच्या रानासारख्या, पाट उगवतीकडनं. टोपीवाला डाव्या पायावर भार देऊन उभा राहायला लागला. दादा तसाच उभा राहायचा.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गेममधलं सगळं खेडं नदीकाठी जमलेलं दिसलं. मधे पानावर भाताचा गोळा. झाडावर कावळा.

तो खाली येईना.

एकेक माणूस पुढं होऊन काही बोलत होता. मेलं कोण, ते दिसेना. बघत मात्र सगळे माझ्याकडं होते.

टोपीवाला पुढं आला. हात जोडून वाकला. खाली अक्षरं उमटली. आता मला वाचता येत होती.

"अमृत, तुझं राहिलेलं मी पुरं करतो. जा आता."

कावळा शिवला.

स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, "अमृत, जेवायला ये रं. किती भाकरी करू?"

मी तोंड उघडायच्या आत ओसरीवरनं उत्तर गेलं.

"चार."

आत पाट मांडल्याचा आवाज आला. एकच.