तळघरातला अर्धा तास

एडविन हॅलिवेलची आणि माझी ओळख झाली ती मी त्याच्या पायावर पाय दिल्यामुळे. यात माझा काय दोष? मँचेस्टरच्या आमच्या प्रयोगशाळेचं तळघर म्हणजे भर दुपारीही डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही.

"पाय माझा आहे," अंधारातून शांत आवाज आला. "पण... राहू द्या हवं तर."

त्याचा चेहरा पाहण्याआधीच मी त्या आवाजावर भाळले.

आमचं काम असं : सोन्याच्या पातळ वर्खावर अतिसूक्ष्म कण सोडायचे. कण वर्खाभोवती लावलेल्या पडद्यावर आदळला की बारीक ठिणगी चमके, ती मोजायची. पण ती दिसायला डोळे अंधाराला सरावावे लागत, म्हणून आधी अर्धा तास नुसतं बसायचं. कुणी चुकून काडी ओढली की पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास.

बसून करणार काय? आम्ही भांडायचो.

"अणू म्हणजे नाताळचं पुडिंग," तो म्हणायचा. "सगळीकडे सारखं मऊ, मध्ये मध्ये मनुक्यांसारखे इलेक्ट्रॉन. कॉलेजात गुरुजींनी असंच शिकवलंय."

"मग एखादा कण उलटा परत येतो, तो काय मनुक्यावर आपटून?"

"तुमच्या आईच्या पुडिंगातला दगडासारखा मनुका असेल, मिस स्कोफिल्ड."

"नावं ठेवण्याआधी घरी येऊन खाऊन तर बघा."

यावर तो एकदम पडद्याबद्दलच बोलायला लागला. आमंत्रण दिल्याची माझी मलाच लाज वाटली.

त्या वसंतात प्रयोगशाळेच्या मुख्य सरांनी सगळ्यांना सांगितलं, अणू जवळजवळ पोकळ आहे. मधोमध इवलासा कठीण गाभा, त्यावर आपटलेला कणच तेवढा मागे फिरतो. एडविन हरला होता, पण हसत होता. आणि मग कळलं, त्याला ग्लासगोला नोकरी लागली. संध्याकाळची गाडी. दुपारची मोजणी आमची शेवटची.

आम्ही अंधारात बसलो. मी वाट पाहिली. तो हवेबद्दल बोलला, ग्लासगोच्या धुक्याबद्दल बोलला... माझ्याबद्दल एक अक्षर नाही. अर्धा तास संपला. तो मोजायला उठला.

मी काडी ओढली.

"विनिफ्रेड! डोळे गेले ना आता!"

"हो का? बसा मग परत," मी म्हटलं. काडी विझली. "बहुतेक कण सरळ निघून जातात, मिस्टर हॅलिवेल. तुम्हीही जाणार का? मला तुम्ही आवडता. झालं, बोलले मी."

अंधारात तो परत बसला. मग त्याची खुर्ची सरकली, माझ्याजवळ.

"मला वाटलं, तू पुडिंगचं नुसतं चेष्टेत म्हणालीस," तो म्हणाला. "नोकरी सोडता यायची नाही गं. पण नाताळला परत येईन... तुझ्या आईकडे मागणी घालायला. चालेल?"

मी मान हलवली. अंधारात त्याला दिसणार कशी, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

"विनी? काहीतरी बोल ना."

"चालेल," मी कशीबशी म्हणाले.

माझ्या हातातली काड्यांची पेटी त्याने हळूच काढून घेतली.

"अहो, डोळे आता कुठे सरावताहेत!"

"असू दे," तो म्हणाला. "मला तुझा चेहरा बघायचाय."

आणि त्याने काडी ओढली.