कपाटातली जास्वंद

लोखंडी स्टँडनं दुर्गेश सरांचं डोकं इतकं फोडलं होतं, की मेंदूचे भाग शिकवायला वेगळी आकृती लागली नसती. रक्त उजळणीच्या वह्यांवर उडालं होतं. बारावी बायोलॉजी, शेवटचा आठवडा.

पीएसआय कामिनी क्लासच्या प्रयोगशाळेत शिरली तोवर पोरांनी आरोपी शोधून, तुडवून, बाकाला बांधून ठेवला होता. गोविंदा. बावीस वर्षं इथं लॅब अटेंडंट. त्याचा एक दात त्याच्याच तळहातावर होता.

"चावी याच्यापाशीच," हवालदार चंद्रभान म्हणाला. "बाराले यानं कुलूप लावलं, चारले उघडलं. न्यायचं काय मॅडम?"

"थांब गा. गोविंदा, बोल."

"सरांसाठी दार उघडलं, चहा आणाले गेलो. दहा मिनिटांत आलो तं सर असे पडून. मी बोंबललो, तं मलेच धरलं. मी काहून मारीन जी त्यायले?"

रिसेप्शनवरची हिमानी प्रयोगशाळेच्या दारासमोरच बसते. "बारानंतर आत सर अन् गोविंदाभाऊ, बस. तो ओरडला तशी मी धावले. ओमप्रकाश सर आधीच आत होते."

ओमप्रकाश सर म्हणजे संचालक. फाटकावरच्या बॅनरवर ते एम.एस्सी. होते, बायोलॉजीचे सम्राट होते आणि चार फूट हसत होते. इथं घाम पुसत होते.

"मी वर केबिनमध्ये झोपलो होतो. उचला ना या हरामखोराला!"

मृताच्या खिशात विद्यापीठाचं पत्र निघालं. 'या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे आढळत नाही.' नाव रक्तात बुडालं होतं.

कामिनी मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा नापास झाली होती. त्यातून तिला थोडं बायोलॉजी आणि पुष्कळ राग मिळाला होता. पश्चिमेच्या खिडकीपाशी टेबलावर ओल्या मातीचा गोल डाग तिला दिसला. कुंडीएवढा. कुंडी नव्हती.

"कुंडी कुठं हाये?"

"कपाटात," गोविंदा म्हणाला. "उद्याच्या प्रॅक्टिकलसाठी जास्वंद दोन दिवस अंधारात ठेवा लागते, कालपासून तिथंच हाये. सकाळी दुर्गेश सरांनी एक पान तपासलं. ते बशीत हाये."

बशीतलं पान आयोडीननं नुसतं तपकिरी झालं होतं. माणसाएवढ्या कपाटात जास्वंद शहाण्यासारखी उभी होती.

"सोडा त्याले. गोविंदा, आता दुसरं पान तपास."

"खून झालाय अन् तुम्ही प्रॅक्टिकल घेता?" ओमप्रकाश सर ओरडले.

"संकल्पना पक्की करा, असं तुमच्याच बॅनरवर हाये ना सर?"

गोविंदानं पान पाण्यात उकळलं, मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये. हिरवा रंग उतरला. आयोडीन पडताच पान काळंनिळं झालं. गोविंदाच्या गालासारखं.

"असं काहून झालं, सर?"

ओमप्रकाश सरांनी पानाकडं पाहिलं. "विष असेल. यानंच घातलं असेल."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"स्टार्च, सर," कामिनी म्हणाली. "पान तो उन्हात बनवतं, अंधारात संपवतं. सकाळी नव्हता, आता हाये. म्हणजे दुपारभर कुंडी खिडकीत होती आणि कपाटात माणूस. कुलूप लागायच्या आधी शिरलेला. गोविंदाकडं चावी, त्याले लपायचं काय काम? खुन्यानं डोकं फोडलं, कुंडी जागेवर ठेवली, दाराआड थांबला आणि गर्दीत मिसळला. हिमानीच्या समोरून न जाता तिच्या आधी आत कोण होतं?"

कामिनीनं काळंनिळं पान ओमप्रकाश सरांसमोर धरलं.

"झाड परत ठेवलं की काम झालं, असं इथल्या कोणत्याच पोराले वाटलं नसतं. बायोलॉजी न येणारा या इमारतीत एकच. त्या पत्रातलं नाव तुमचं हाये, सर."

ओमप्रकाश सरांनी उकळता बीकर तिच्या तोंडावर भिरकावला. ती वाकली, तो भिंतीवर फुटला. चंद्रभानची काठी बसली आणि मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला.

"माझ्याच पगारावर जगतो अन् पालकांना माझी डिग्री खोटी म्हणून सांगतो म्हणे!" बेड्या पडतानाही ते किंचाळत होते.

गोविंदानं कुंडी उचलून खिडकीत ठेवली. "हे झाड आता कामाचं नाही, मॅडम. दुसरं ठेवा लागन."

पोरं भराभर वहीत उतरवून घेत होती. "मॅडम, हे परीक्षेत येईल काय?" एकानं विचारलं.

गोविंदानं बाकावर ठेवलेला दात कामिनीनं उचलून सर्वांना दिसेल असा धरला.

"हा कोणी पाडला?"

त्या वर्गात पहिल्यांदाच एकाही हुशार पोराचा हात वर गेला नाही.